शेवटचे दोन आकडे

वेल्डरचं घर बुडवलं ते कचेरीने. दलालाने नाही, नशिबाने नाही, कचेरीने. तिथल्या प्रत्येक टेबलाला ते दिसत होतं आणि एकानेही तोंड उघडलं नाही.

परमुलखात बावीस वर्षं राबून त्याने तळमजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या, त्या बायकोसाठी. खुबा मोडल्यापासून ती चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात अडकली होती. लिफ्ट नाही. दोन वर्षं रस्ता पाहिला तो फक्त वरून.

त्या देशात प्रत्येक जागेला सरकारी कोड असतो, सोळा आकडी. एक आकडा चुकला की भलतीच जागा गळ्यात पडते, हे वेल्डर ऐकून होता. म्हणून सहीच्या आदल्या दिवशी बायको आकडे मोठ्याने वाचत गेली आणि तो करारावर, नकाशावर, उताऱ्यावर बोट सरकवत गेला. तीनदा.

"भाऊजी, ताईला बघायला आलात तेव्हा एवढं निरखलं नव्हतंत!" मेहुणा म्हणाला.

"निरखलं असतं तर पळालेच असते," बायको हसली.

सगळं जुळलं. खोल्यांत नळ होता, ओटा होता, मोरी होती. मालकी नोंदवायच्या अर्जावर कचेरीने धाडकन शिक्का मारला. मेहुण्याने ताईला खुर्चीसकट खाली आणलं आणि त्या दिवशी वॉकर घेऊन ती चार वेळा दाराबाहेर जाऊन आली. उगाचच.

पंधरवड्याने कचेरीचं पाकीट आलं. कोड कसा वाचावा याचं पत्रक. शेवटचे दोन आकडे वापराचे: शून्य एक म्हणजे राहती जागा, शून्य सात म्हणजे कोठार. वेल्डरचे शून्य सात. सोबत नोटीस: कोठारात माणसं राहतात, चौदा दिवसांत बाहेर काढा.

तो कचेरीच्या खिडकीशी गेला.

"आकडे तपासले नव्हते का?" कारकुनाने विचारलं.

"तीनदा जुळवले. पण त्यांचा अर्थ कुठे लिहिलाय?"

"पत्रकात."

"ते कधी देता?"

"मालक झाल्यावर."

"म्हणजे गळ्यात पडल्यावर! अर्जात मी 'राहण्यासाठी' असं लिहिलं होतं. वर शिक्का कुणाचा?"

"आमचाच. पण आम्ही फक्त कोड नोंदवतो. बाकीचं वाचत नाही."

कारकुनाने पुढच्याला हाक मारली. वेल्डर जागचा हलला नाही.

"जुन्या घरात दुसरे राहायला आलेत. पंधराव्या दिवशी माझी बायको कुठे निजणार? तोंडी सांगू नका. इथे लिहा, आत्ता, आणि त्याच्यावरही शिक्का मारा."