गिअरशेजारचा बाप्पा

दुपारी सगळं घर पेंगत असताना स्वयंपाकघरातल्या नळानं एक कोरडी गुळणी केली आणि तो गप्प झाला. प्रियदर्शनी ताडकन उठली. पुण्यात टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या धायरीत राहणाऱ्या बाईला त्या गुळणीचा अर्थ सांगावा लागत नाही. टाकी संपली होती, टँकर निघाला होता आणि टँकरच्या जागेवर तिची गाडी उभी होती.

चिमुरड्या लेकीला, कादंबरीला, काखोटीला मारून ती खाली धावली. गाडी फाटकात आली आणि मागून आवाज आला, "आई, माझी एक चप्पल जिन्यातच राहिली."

प्रियदर्शनीनं गिअर 'पार्क'मध्ये टाकला, गाडी बंद केली, लेकीला घेऊन चप्पल शोधली. परत येऊन किल्ली फिरवली तर नुसतं टिक. बॅटरी मेली होती. गाडी ऑटोमॅटिक, गिअर जागचा हलेना. तेवढ्यात समोर टँकर येऊन ठेपला.

टँकरवाला महिपती म्हणाला, "ताई, माझा चहा होईस्तोवर थांबतो. मग हे पाणी शेजारच्या बिल्डिंगला. त्यांचे फोनवर फोन चाललेत."

वरच्या मजल्यावरच्या सरोजिनीताई गॅलरीतून म्हणाल्या, "सावकाश होऊ दे हो. मी केसांना मेंदीच तर लावून बसलेय."

जमलेल्या चौघांनी ढकलून पाहिलं. गाडी ढिम्म. तिनं नवऱ्याला फोन लावला. केदार मीटिंगमधून कुजबुजला, "हँडब्रेक ओढ. गिअरशेजारी चौकोनी झाकण आहे, ते उचक. पाय ब्रेकवर ठेव, आत स्क्रूड्रायव्हर दाब आणि गिअर न्यूट्रलला आण."

"झाकण नाहीये."

"असतंच गं."

"तिथे बाप्पा आहेत."



बाप्पा सासऱ्यांनी, शरच्चंद्ररावांनी, गाडीच्या पूजेला बसवले होते. डॅशबोर्डवर ऊन लागतं म्हणून खाली, सावलीला. तेही दोन ट्यूबा कालवून करतात त्या डिंकानं, कारण बँकेतून निवृत्त झालेला माणूस कुठलंच काम कच्चं ठेवत नाही.

"बाबा, बाप्पांना जरा हलवावं लागेल," ती गडबड ऐकून खाली आलेल्या सासऱ्यांना म्हणाली.

"अनंत चतुर्दशीला अवकाश आहे अजून," बाबा म्हणाले. मग त्यांनी महिपतीच्या कपाचा तळ पाहिला, वर सरोजिनीताईंचं हिरवं डोकं पाहिलं. "उलथनं आण. तू नको हात लावूस, मी काढतो."

पुटपुटत, क्षमा मागत त्यांनी उलथनं सरकवलं. बाप्पा निघाले ते झाकण घेऊनच. प्रियदर्शनीनं ब्रेक दाबला, स्क्रूड्रायव्हर आत खुपसला, गिअर ओढला. खटक. हँडब्रेक सोडून चौघांनी ढकलताच गाडी गुणी बाळासारखी बाजूला सरली. टँकर आत शिरला, पाईप टाकीत गेला आणि गॅलरीतून "चला, आटपलं एकदाचं" असं ऐकू आलं.

बाबांनी बाप्पा रुमालात गुंडाळून नातीच्या मांडीवर ठेवले. "नीट धर हो. विघ्नहर्ता आहे तो."

"म्हणजे?"

"म्हणजे आपलं काही अडलं, की तो मोकळं करून देतो."

कादंबरीनं रुमाल उघडून बाप्पाच्या बुडाला चिकटलेलं झाकण बराच वेळ न्याहाळलं. मग आईकडे मान वळवली.

"आई, मग बाप्पाला काढल्यावरच गाडी का हलली?"