एका रेघेची सही

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सोनगव्हाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात माझी निब फाकली. त्या वेळी खोलीत उपसरपंच सूर्यभान एकटा होता. दार आतून लावलेले होते. टेबलावर एक कागद होता. त्याच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात सरपंच मनिषा वाव्हळे यांची सही होती आणि सहीच्या वरचा सगळा भाग कोरा होता. तो भाग माझ्याकडून भरून घेतला जात होता.

मित्रांनो, मी एक शाईपेन आहे, पण फेकून देण्यासाठी बनवलेला. जुना होण्याची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही. कारखान्यात माझ्या पोटात एकदाच शाई भरली आणि मागचे तोंड कायमचे बंद केले. माझ्यात पुन्हा शाई भरता येत नाही, निब बदलता येत नाही. शाई संपल्यावर टाकून द्यावे, अशी सूचना माझ्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेली आहे. जन्मतःच ज्याच्या अंगावर असे लिहिले जाते, त्याने मनात काय साठवायचे? मी शाई साठवली आणि दुसरेही काही साठवले. त्याचीच ही हकिकत आहे.

जूनमध्ये मी ताडकळसच्या बसथांब्यासमोरच्या बन्सीधरच्या दुकानात आलो. बन्सीधर वह्या-पुस्तके, पेन आणि लग्नपत्रिका विकतो. नवा माल आला की प्रत्येक रंगाचा एक पेन तो स्वतः चालवून पाहतो, तेही उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर. त्या दिवशी काळा पेन जाड निघाला. हिरव्याला सुरू व्हायला तीन वेळा झटकावे लागले. लाल पेनाची शाई कागदावर पसरली. माझी शाई जांभळट निळी. मी पहिल्या स्पर्शाला चाललो.

"ह्यो लय गुळगुळीत चालायलाय," बन्सीधर म्हणाला आणि गिऱ्हाइकांना चालवून पाहण्यासाठी त्याने मलाच गल्ल्याजवळ ठेवले.

पेन चालतो का हे पाहताना माणूस काय लिहितो, याची मी नोंद ठेवली आहे. एका बाजाराच्या दिवशी एकवीस जणांनी मला हातात घेतले. एका मास्तरांनी श्री लिहिले. एका कंडक्टरने वेटोळी काढली. एका आजीबाईने स्वस्तिक काढून मला कपाळाला लावले. चौघांनी नुसत्या रेघा ओढल्या. उरलेल्या चौदा जणांनी सही केली. पूर्ण सही, बँकेत करतात तशी. परक्या दुकानात, परक्या कागदावर. कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

वाटले ते फक्त सूर्यभानला. तो वह्यांचा गठ्ठा घ्यायला आला होता. गल्ल्यावरची सह्यांनी भरलेली पत्रिका त्याने उचलली आणि बराच वेळ पाहत राहिला.

"दादा, पेन बघायलाव का सह्या?" बन्सीधरने विचारले.

"दोन्ही बघायलोय," सूर्यभान म्हणाला. त्याने चार रंगांचे चार पेन घेतले. जांभळट निळा म्हणून त्याने मलाच उचलले. "ह्यो चाललेला हाय, ह्योच दे."

त्याला सही कशासाठी हवी होती, ते सांगतो. सोनगव्हाणात पाण्याची नवी टाकी बांधायची आहे. शाळेमागच्या उंचवट्यावर बांधली तर गावाच्या दोन्ही टोकांना पाणी चढते. सूर्यभानच्या शेतातल्या आखाड्यावरच्या घराजवळ बांधली तर एकाच टोकाला चढते, म्हणजे त्याच्या. मनिषाताई उंचवट्याच्या बाजूने होत्या. निर्णयाची सभा शनिवारी होती. त्याआधी सरपंचांचा राजीनामा मंजूर झाला, तर सभेत खुर्चीवर सूर्यभान बसणार होता. अडचण एकच होती. मनिषाताई कोणताही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाहीत. पावणेदोन वर्षांत त्यांनी एकदाही तशी सही केलेली नाही.

पण पेन चालवून पाहायच्या कागदावर वाचायला काय असते?

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता त्याने चारही पेन आणि एक नवे पॅड त्यांच्यासमोर ठेवले. सुलाबाई तेव्हा खोली झाडत होत्या. ग्रामपंचायतीची झाडलोट त्याच करतात.

"सरपंचबाई, तेवढे पेन चालवून बघा. हापिसात कोणता ठिवावा?"

"तुमीच बघा की, दादा."

"माजं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरल्यावानी. तुमी शिकल्यासवरल्या. आन् सरपंच असून त्या बॉलपेननं सही करताव, ते काय शोभतंय का?"

"गावाला पाणी आलं म्हंजी समदं शोभतंय," मनिषाताई म्हणाल्या, पण हसल्या आणि काळा पेन उचलला.

"पेन कशाला आणलेत, दादा?" सुलाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "झाडू आणायचा हुता. माज्या झाडूला टक्कल पडायलंय."

काळ्या पेनाने मनिषाताईंनी श्री लिहिले. हिरव्याने आणि लालने रेघा ओढल्या. माझी पाळी आली तेव्हा सूर्यभानने पान उलटले. "ह्यो चांगला हाय. ह्याला कोऱ्या पानावर बघा."

त्यांनी मला अगदी हलके धरले. रोज शंभर कागदांवर सही करणाऱ्या हाताला जागा ठरलेली असते. तो हात आपोआप तळाशी, उजव्या कोपऱ्यात गेला. त्यांनी सही केली आणि सवयीने खाली 'सरपंच' असेही लिहिले. अक्षरे एका रेघेत, स्वच्छ उमटली.

"ह्योच ठिवा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वात मोठी शाबासकी. अठरा तास टिकली.

मंगळवारी सूर्यभानने तेच पान समोर घेतले. शाईचा रंग जुळावा म्हणून त्याला मीच लागत होतो. आता माझी निब कशी असते ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. निबला मधोमध एक चीर असते. चिरीच्या दोन्ही बाजूंची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून रेघ एक उमटते. शाईपेन हलक्या हाताने चालवायचा असतो. सूर्यभानचा जन्म बॉलपेन दाबण्यात गेलेला. पहिल्या दोन ओळी मी सहन केल्या. तिसऱ्या ओळीत 'कौटुंबिक कारणास्तव' लिहिताना त्याने असा जोर दिला की माझी दोन्ही टोके कायमची फाकली. तिथून पुढे माझी प्रत्येक रेघ दोन रेघांत उमटू लागली, पिंगळी स्टेशनातल्या रुळांसारखी. अशी एकेचाळीस अक्षरे झाली. त्यांच्या खाली मनिषाताईंची सही. एका रेघेतली.

सूर्यभानचा चष्मा घरी राहिला होता. त्याला फक्त अक्षर जाड दिसले.

"बाजारबुणगा पेन," तो म्हणाला. त्याने मला टोपण न लावता पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात खोचले. मी जेवढी देता येईल तेवढी शाई तिथे दिली. डाग रुपयाएवढा झाला, तेव्हा त्याचे लक्ष गेले. त्याने एक शिवी हासडली, मला कचऱ्याच्या डब्यात भिरकावले आणि कागद घेऊन मोटरसायकलने तालुक्याला निघून गेला.

खोटे लिहायला लावले, मोडले आणि वर फेकून दिले. सूड घेऊ नये असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. मला कोणी शाळेत घातले नव्हते. डब्यात केळीच्या सालांवर पडल्या पडल्या मी ठरवले की माझ्यात एक थेंब उरला असेपर्यंत हा माणूस सुटता कामा नये.

दुपारी साडेबाराला सुलाबाईंनी डबा उपसला आणि मला उचलले. बाहेर पडलेले टोपण शोधून लावले. त्यांना लिहिता येत नाही. कामावर आल्याची खूण म्हणून त्या कार्यालयातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत एक उभी रेघ ओढतात. बुधवारी सकाळी त्यांनी रेघ ओढली आणि दोन उमटल्या.

"ताई, ह्यो पेन येडा हाय," त्या मनिषाताईंना म्हणाल्या. "एक रेघ वढली की दोन उमटायल्यात. एका दिसाच्या दोन हजेऱ्या."

"मग उद्या सुट्टी घ्या, सुलाबाई."

"आन् हे कोण झाडील, तुमचा उपसरपंच?"

दोघी हसल्या. मी हसलो नाही. मी वाट पाहत होतो.

शुक्रवारी तालुक्याहून पत्र आले. आपला राजीनामा मिळाला असून पडताळणीसाठी बुधवारी अकरा वाजता हजर राहावे, शनिवारची सभा तोवर स्थगित, असे त्यात होते. सोबत राजीनाम्याची झेरॉक्स जोडलेली होती. मनिषाताईंनी ती दोनदा वाचली, मग तिसऱ्यांदा.

"सही माजीच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "सुलाबाई, सही माजीच हाय वो. मी कवा केली?"

सुलाबाईंनी हात पुसले आणि कागदावर वाकल्या. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणूनच त्यांना अक्षरांऐवजी रेघा दिसल्या.

"हे तर त्या येड्या पेनाचं लिवणं दिसायलंय. बघा, दोन-दोन रेघा." त्यांचे बोट खाली सरकत गेले आणि सहीपाशी थांबले. "तिसऱ्या वळीपासनं समदं येडं हाय, ताई. खालचं तेवढं शाणं हाय."

मनिषाताईंनी कॅलेंडरकडे पाहिले, मग कागदाकडे, मग माझ्याकडे. सोमवारची संध्याकाळ त्यांना तेव्हा आठवली.

बुधवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी तालुक्याच्या कार्यालयात चौकशी सुरू झाली. चौकशी करणाऱ्या साहेबांसमोर सूर्यभानने जबाब दिला. मजकूर मी बाईंच्या सांगण्यावरून लिहिला, बाईंनी वाचून माझ्यासमोर सही केली, असे तो म्हणाला.

मनिषाताईंनी परवानगी घेऊन विचारले, "दादा, लिवल्यावर सही केली का आधी?"

"लिवल्यावर. कोऱ्या कागदावर कोण सही करंल, बाई? तुमी तर दोनदा वाचताव."

"पेन दुसरा हुता का?"

"त्योच हुता. शाई बघा की, साहेब. एकच हाय. माज्या हातातून घेतला आन् तिथल्या तिथं सही केली."

"लगेच?"

"लगेच. मिनिटबी गेला न्हाई."

साहेबांनी हे शब्द लिहून घेतले. मग मनिषाताईंनी पदरात गुंडाळलेल्या मला टेबलावर ठेवले. मंगळवारी हा कचऱ्यात सापडला, असे सुलाबाईंनी सांगितले. "आमच्या हापिसातला कचरा मी रोज बघतेय, साहेब. कागदं लय असत्यात, खरं थोडं असतं," असेही त्या म्हणाल्या. साहेबांनी ते लिहून घेतले नाही.

मनिषाताई म्हणाल्या, "वरच्या दोन ओळी एका रेघेत हायत. तिसऱ्या ओळीत निब फाकली. तिथून सगळं दोन रेघांत हाय. मग माजी सही पुन्हा एका रेघेत कशी आली? फाकलेली निब परत जुळती का, साहेब?"

साहेबांनी मूळ कागद खिडकीच्या उजेडात धरला. मग मला उचलले, टोपण काढले आणि चालवून पाहण्यासाठी एका कोऱ्या कागदावर, तळाशी, उजव्या कोपऱ्यात स्वतःची सही केली.

ती दोन रेघांत उमटली.

साहेब आपल्या सहीकडे पाहत राहिले, मग तिच्या वरच्या कोऱ्या जागेकडे. त्यांनी कागदाचे चार तुकडे केले. बाजूला कचऱ्याचा डबा होता. तुकडे त्यांनी डब्यात टाकले नाहीत, खिशात ठेवले.

सूर्यभान माझ्याकडे पाहत होता. त्याच्या खिशावर धुऊनही न गेलेला फिकट जांभळा डाग होता. मित्रांनो, मी भांडता येणारी वस्तू नाही, ओरडता येणारी नाही. पण त्या क्षणी त्याने माझ्याकडे जसे पाहिले, तसे आजवर माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते. माझे पोट भरले.

मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मला जपून ठेवायला बनवलेलेच नाही. दोनच गोष्टी सांगतो. नवा पेन हातात आला तर रेघ ओढा, श्री लिहा, वेटोळी काढा, हवे तर मांजर काढा. सही करू नका. आणि ज्याच्याकडून वाईट काम करून घेतले त्याला फेकून देऊन आपण सुटलो, असे समजू नका. डबा कोणीतरी उपसतेच.

मला आता पाकिटात घालून लाखेचा शिक्का मारला आहे. पोटात बोटाच्या पेराएवढी शाई उरली आहे आणि तीही वाळू लागली आहे. गुरुवारी सूर्यभानने नवा अर्ज दिला. बाईंनी सही कदाचित दुसऱ्या पेनाने केली असेल, आता नीट आठवत नाही, असे त्यात म्हटले आहे. दोन्ही जबाब एकाच फायलीत आहेत. सूर्यभानने मला विकत घेतले तेव्हा माझी निब धड होती का, हे पाहण्यासाठी बन्सीधरला ती लग्नपत्रिका घेऊन सोमवारी बोलावले आहे. टाकीची सभा अजून स्थगित आहे आणि सुलाबाईंच्या गल्लीत पाणी अजून डोक्यावरूनच येते.

आज शुक्रवार, दुपारचे चार. आदेश निघालेला नाही. त्यावर सही कोणत्या पेनाने होणार, हेही कळलेले नाही.