बंद व्हॉल्व्हमधून गेलेले सतरा लिटर

रंगाच्या कारखान्यात लागोपाठ तीन बॅच घट्ट निघाल्या आणि खापर दादाच्या डोक्यावर फुटलं. दादा बावीस वर्षं मिक्सिंगला होता. कंट्रोलरच्या पडद्यावर रंग पातळ करणारं थिनर पाचशे लिटर गेल्याचं दिसे, टाकीत मात्र कमी भरे. यानेच थिनरवर हात मारला असणार, असं ठरवून त्याला मागच्या आवारात ड्रम धुवायला पाठवलं.

त्याची धाकटी बहीण त्याच कारखान्यात वायरिंगचं काम करायची. आठव्या दिवशी संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनीने तिला हळूच विचारलं, खरंच यांनी काही केलं नसेल ना? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडायला उघडलेलं तोंड तिने तसंच मिटलं, कारण तिला वेगळीच शंका होती.

थिनरच्या पाइपवरचा मीटर दर लिटरला विजेचा एक ठोका पाठवायचा. कंट्रोलरमधलं कार्ड ते ठोके मोजायचं आणि पाचशे झाले की व्हॉल्व्ह बंद व्हायचा. महिन्यापूर्वी कार्ड नवं बसवलं, तेव्हा मीटरची बारीक केबल मिक्सरच्या मोटरच्या केबलपासून लांब न्यायला हवी, नाहीतर मोटरच्या विजेने तिच्यात खोटे ठोके उठतील, असं ती इंजिनिअरला म्हणाली होती. वेळ नाही, एकाच ट्रेमधून ओढ, असं त्याने सांगितलं. तिने ओढली. खोटे ठोके गाळायचं सेटिंगही त्याने बंदच ठेवलं. तेव्हा ती गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मॅनेजरला आणि इंजिनिअरला पॅनेलपाशी आणलं. थिनरचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घातलं, आकडा शून्यावर आणला आणि मिक्सरची मोटर चालू केली. आकडा एक झाला, चार झाला, नऊ झाला. सतरावर तिने मोटर थांबवली.

“बंद व्हॉल्व्हमधून सतरा लिटर गेलं,” ती म्हणाली. “हेही दादानेच नेलं का?”

इंजिनिअर म्हणाला, कार्ड खराब निघालं असं लिहू आणि विषय मिटवू. पण रिपोर्ट तिने स्वतःच लिहिला. कार्ड चांगलं आहे, केबल चुकीची ओढली आहे, ती कोणी ओढायला लावली. आणि ओढली मी, हेही.

दुपारी दादाला परत मिक्सिंगला घेतलं. माफी कोणीच मागितली नाही. घरी त्याने रिपोर्टची प्रत दोनदा वाचली.

“म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं.”

“शंका होती, दादा.”

“नऊ दिवस मी ड्रम घासले. आणि तुला शंका होती.”

तो ताटावरून उठून गेला.

रविवारी कारखाना बंद असताना तिने नवी केबल वेगळ्या लोखंडी पाइपातून नेली. इंजिनिअर डोकावला. एवढा उपद्व्याप कशाला, नुसतं सेटिंग बदल आणि जुनीच केबल राहू दे, म्हणाला.

“तसं लेखी द्या,” ती म्हणाली आणि स्क्रू आवळत राहिली. तो निघून गेला.

सोमवारची बॅच बरोबर उतरली. दादाने ती स्वतः तपासली आणि तिच्याकडे न बघता पुढच्या टाकीकडे गेला.