सोळा वर्षांचा खोकला

म्हातारी दोनदा खोकली, तशी मास्तरांनी वर उचललेली सुताची लडी पुन्हा रंगाच्या कढईत सोडली.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. जणू त्यांनाच दिसलं होतं.

म्हातारीच्या छातीत वाफ बसलीय, असं रंगखान्यात सगळे समजत. मालकीणबाई दर थंडीत औषधाची बाटली द्यायच्या. तिच्या घरी फळीवर अशा सोळा बाटल्या होत्या, एकीचंही बूच निघालेलं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी मास्तरांना हिरवा नि निळा सारखाच दिसू लागला, तेव्हापासूनचा हा खोकला. एकदा खोकली की बस, दोनदा खोकली की अजून. त्याबद्दल दोघं आपसांत कधी चकार शब्द बोलले नव्हते. लडी बुडवायची काठी पुरुषाने धरायची, बायकांनी लडी धुवायच्या, ही तिथली रीत. भल्या माणसाच्या पोटावर पाय का आणायचा, म्हणून म्हातारीने घसा झिजवला. स्वतःला काठी मागावी, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नाही. किंवा आलं असेल, तर तेही तिने खोकून टाकलं.

आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. उद्यापासून कढईशेजारी तिच्या जागी सून उभी राहणार होती. महिनाअखेर मास्तरही घरी बसणार होते, आणि काठी धरायला मालक बाहेरून कुणी गडी आणणार होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने सुनेला शिकवायला घेतलं.

"नवा गडी येईल, तोही चाचपडेल. घसा तयार ठेव."

"रंग मला कळतो ना, आई? मग काठीच का नको मला?"

"माग, माग. सोबत मालकाची खुर्चीही माग."

"मला नाही जमायचं ते खोकणं. तोंड आहे मला."

"आहे ते दिसतंय. त्याला कडी नाही, तेही दिसतंय."

सून हसली. हसता हसता तिने सासूचा पाय मांडीवर ओढला आणि गुडघा चोळू लागली. म्हातारीने पाय काढून घेतला नाही.

दुपारी मालक नमुन्याचा दोरा घेऊन आला. पानाच्या रंगाची मोठी मागणी होती. मास्तरांनी लडी उचलली आणि सवयीने कान टवकारले. सरावासाठी आजच कढईशेजारी सून उभी होती. म्हातारी पलीकडे धुण्याच्या हौदाशी.

"उतरवू या?" मालकाने विचारलं.

"नको," सून म्हणाली. "अजून दोन बुड्या हव्यात."

"तुला कुणी विचारलं?"

सगळ्यांचे हात थांबले. म्हातारीच्या घशात खवखवलं. दोनदा खोकलं की झालं. शब्द मास्तरांचा होईल, रंग साधेल, मालक निवळेल. आणि ही पोरगी जन्मभर खोकत राहील. म्हातारीने ओला हात तोंडावर दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं, पण खोकली नाही.

मास्तर वाट पाहून थकले. त्यांनी हौदाकडे मान वळवली, मग काठी सुनेपुढे धरली.

"माझा हात अवघडलाय. घे, तू बुडव."

मालक काही बोलणार, तोवर तिने काठी घेतली होती. एक बुडी. दुसरी. लडी वर आली, तसा मालकाने दोरा तिच्यावर धरला आणि बराच वेळ तो हुडकत राहिला. दोरा लडीत दिसेनासा झाला होता.

"मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

मास्तर एकदाच खोकले.

"तुम्हालाही लागला का?" मालक हौदाकडे बोट दाखवत म्हणाला. "यांचा सोळा वर्षांचा आहे, अजून जात नाही."

"माझा गेला," म्हातारी म्हणाली आणि पुढची लडी हौदात सोडली.