हरलेल्या बाजूचा साक्षीदार

बोरसांगवीत निवडणूक म्हणजे काय असतं, हे गावाला फार उशिरा कळलं. त्याआधी तीस-पस्तीस वर्षं गावात नुसते निकालच लागायचे. शेषेरावांच्या वडिलांच्या ओसरीवर चार माणसं बसायची, चहा यायचा, आणि कपबश्या आत जाईपर्यंत सरपंच ठरलेला असायचा. मग त्याला मारुतीच्या पारावर नेऊन डोक्यावर गुलाल टाकायचा. सरकारी कागद मागाहून यायचा, आणि नाही आला तरी कोणाचं अडायचं नाही. ज्याच्या अंगावर गुलाल तो सरपंच. लोकशाही इतकी स्वस्तात दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाली नसेल.

पण यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि शेषेरावांचा जुना विरोधक सटवाजी यानं आपली बायको केवळाबाई हिला उभं केलं. शेषेरावांनी मग आपल्या धुरपताबाईंना उभं केलं. दोन्हीकडचे बॅनर लागले, त्यांवर मिळून दोन पुरुष हात जोडून उभे होते आणि खाली कोपऱ्यात आधार कार्डावरच्या फोटोएवढ्या दोन बाया होत्या. महिला सबलीकरण म्हणतात ते हेच असावं.

जिलानी शेषेरावांच्या बाजूचा. गावात त्याचं गाद्या-उशा भरून द्यायचं दुकान होतं, त्याच्या बापाचंही तेच होतं. बापाकडून त्याला जशी कापूस पिंजायची कला मिळाली, तशी बाजूही मिळाली. तिच्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. शेषेरावांच्या घरच्या दोन लग्नांत त्यानं रात्रंदिवस राबून गाद्या भरल्या होत्या, आणि त्याची आई गेली तेव्हा खांदा द्यायला शेषेराव सर्वांत आधी आले होते. अशी बाजू माणूस सोडत नसतो.

मतमोजणी तालुक्याला होती. आत बसायला प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस लागतो. शेषेरावांनी जिलानीला पाठवलं, कारण चष्म्याशिवाय आकडे वाचणारा आणि सकाळपासून शुद्धीवर असणारा, या दोन्ही अटी पुऱ्या करणारा त्यांच्या पॅनलमध्ये दुसरा कोणी सापडला नाही.

पहिल्या वार्डाचं मशीन उघडलं, धुरपताबाई चाळीस मतांनी पुढे. जिलानी पाणी प्यायला फाटकापाशी आला. बाहेर थांबलेल्या पोरांनी त्याला घेरलं. तो म्हणाला, "चाळीसनं पुढं हाव. पर थांबा, अजून दोन वार्ड राहिलेत." पहिलं वाक्य ऐकून पोरांनी फोन लावले. दुसरं ऐकायला फाटकापाशी कोणी उरलंच नव्हतं.

गावात गुलालाची पोती फुटली. डीजे तर आदल्या दिवशीच येऊन थांबला होता. शेषेरावांना जेसीबीच्या खोऱ्यात उभं करून वरून फुलं टाकली, पारावर नारळ फुटला, आणि शेषेरावांनी मारुतीच्या साक्षीनं मतदारांचे आभारही मानून टाकले. धुरपताबाई तेव्हा मिरवणुकीच्या पाहुण्यांसाठी घरात पोहे करत होत्या. त्यांच्या अंगावर गुलाल टाकायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

इकडे दुसऱ्या वार्डात चाळीसचे सहा झाले आणि तिसऱ्या वार्डात धुरपताबाई अकरा मतांनी मागे पडल्या. जिलानीनं अर्ज देऊन फेरमोजणी मागितली. ती झाली. पुन्हा अकराच. सरकारी मशीन, त्याला गावातला मानपान काय कळणार. मोजणीच्या साहेबांनी निकालाचा तक्ता पुढे केला, जिलानीनं सगळे आकडे बोट ठेवून वाचले आणि सही केली. सही करताना त्याला खरोखर रडू आलं होतं.

तो संध्याकाळी गावात आला तेव्हा शेषेराव पोरांच्या खांद्यावर नाचत होते. डीजेच्या आवाजात जिलानी त्यांना ओरडून सांगू लागला, तर कोणीतरी त्याच्या उघड्या तोंडात मूठभर गुलाल कोंबला.

आता पेच असा, की प्रमाणपत्र केवळाबाईकडे आणि गुलाल शेषेरावांकडे. गावाच्या कायद्यात एकदा पडलेला गुलाल परत घेण्याची सोय नव्हती, कारण आजवर तशी वेळच आली नव्हती. शेषेराव म्हणाले, "मारुतीसमोर नारळ फुटलाय. कागद काय, कोनीबी छापतंय." आणि दुसऱ्याच दिवशी चौकात बोर्ड लागला: 'जनतेच्या मनातील सरपंच सौ. धुरपताबाई शेषेराव.' शेजारी सटवाजीचा बोर्ड होता, 'लोकनियुक्त सरपंच.' एका गावाला दोन सरपंच मिळाले. नळाच्या एका तोटीचं उद्घाटन दोनदा झालं, आणि पाणी एकदाही आलं नाही. दाखला हवा असेल तर माणूस आधी पाहायचा की चौकात कोणाची माणसं बसलीत, मग त्याप्रमाणे कोण सरपंच ते ठरवायचा. सव्वीस जानेवारीला झेंडाही दोन ठिकाणी फडकला.

सटवाजी त्या दिवसांत संविधानाशिवाय दुसरं काही बोलत नव्हता. मशीनवर विश्वास ठेवा, म्हणायचा. पहिल्या वार्डाचा आकडा कळताच त्याच्या वकिलानं मशीन बिघडल्याचा अर्ज टाईप करून ठेवला होता, आणि तिसऱ्या वार्डानंतर तो बोळा करून खिशात घातला होता, हे जिलानीनं शेजारच्या खुर्चीवरून डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेषेराव कोर्टात गेले. लातूरहून महांतेश वकील आणले. वकिलांचं म्हणणं असं, की तिसऱ्या वार्डाच्या मशीनचं सील तुटलेलं होतं. पहिल्या वार्डाचं मशीन मात्र अत्यंत निर्दोष होतं, तिथं आपण पुढे होतो. आता सील तुटलेलं पाहणारा माणूस हवा होता, आणि आपल्या बाजूनं आत एकच माणूस बसला होता.

शेषेराव दुकानात आले. गादीच्या ढिगावर टेकले.

"तू फकस्त एवढंच म्हनायचं, की सील तुटलेलं होतं, आन् साहेबानं दमदाटी करून सही घेतली."

"दादा, सील चांगलं होतं. मीच हात लावून बघितलं."

"मला ठाव हाय रे. कोर्टाला ठाव हाय का?"

जिलानी कापसाचा बोळा उगाच कुस्करत बसला. शेषेरावांनी आवाज उतरवला. "गावात लोक काय म्हनून राहिलेत, ऐकलंस? तुझ्या गल्लीतली मतं फुटली म्हनून आपन पडलो. मी त्यांची तोंडं बंद केली. म्हनलो, जिलानी आपला हाय. आता तू दाखव, आपला हायेस का न्हाई ते."

असं म्हणून ते प्रेमानं त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. जिलानीला ती थाप फार लागली. पन्नास वर्षं ज्या बाजूला उभा राहिला, तिथं उभा असल्याचा पुरावा त्याच्याकडे कोणी मागितला नव्हता. आता मागितला, तोही खोटा. त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. खोटं बोललं नाही तर 'फुटलेली गल्ली' असा शिक्का बसणार होता, आणि तो एकट्या त्याच्यावर नाही, सगळ्या गल्लीवर.

रात्री जेवताना त्यानं बायकोला, बेगमबीला सांगितलं. ती भाकरी मोडत म्हणाली, "खोटं बोललास तर त्येंना समजंल, ह्यो खोटं बोलतो. उद्या त्येच म्हनतील, कोर्टात खोटं बोलनाऱ्याचा काय भरवसा."

"आन् खरं बोललो तर?"

"तर आजच म्हनतील." तिनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. "कसंबी केलं तरी बोलनं खायाचंच हाय. मंग खरं बोलून खा."

साक्षीच्या दिवशी शेषेरावांनी त्याला जीपमध्ये स्वतःच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसवलं. मागे धुरपताबाई जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खटला त्यांच्या नावाचा होता, म्हणून त्यांना आणावं लागलं. वाटेत शेषेराव जिलानीशी तऱ्हेतऱ्हेनं गोड बोलले. धुरपताबाईंशी एकच बोलले, डबा सांडत नाही ना म्हणून.

कोर्टाच्या व्हरांड्यात महांतेश वकिलांनी जिलानीकडून सगळं दोनदा वदवून घ्यायचा प्रयत्न केला. जिलानी नुसता मान हलवत होता. वकिलांना ती होकाराची वाटली. फी घेतलेल्या माणसाला सगळ्या माना होकाराच्याच दिसतात.

शपथ झाली. वकिलांनी विचारलं, "तिसऱ्या वार्डाच्या मशीनचं सील तुम्ही पाहिलं का?"

"पाहिलं."

"ते कोणत्या अवस्थेत होतं?"

जिलानीनं एकदा मागे पाहिलं. शेषेराव बाकावर पुढे सरकून बसले होते. "चांगलं होतं," तो म्हणाला. "मी हात लावून बघितलं, मंगच उघडलं."

वकिलांनी घसा खाकरला. "नीट आठवून सांगा. सही करताना तुमच्यावर काही दबाव होता का?"

"तवा न्हवता."

कोर्टात कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी पहिल्यांदा कागदावरून मान वर केली. "मग आता आहे का?"

"आता कसला, साहेब. जीपमधी पुढं बसवून आनलंय मला."

न्यायाधीशांनाही हसू आलं असावं, पण त्यांनी ते पेन उचलून टाळलं. "तुम्ही यांचेच साक्षीदार ना? मग तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

जिलानीनं दोन्ही हात कठड्यावर ठेवले. "साहेब, आमच्या वहिनी निवडून याव्यात असं मला लई वाटत होतं. म्हनून तर फेरमोजनी मी मागितली. दोन्ही बारीला आकडा तोच आला. आम्ही हरलो, साहेब."

सात महिन्यांत शेषेरावांच्या पॅनलमधल्या कोणीही हे दोन शब्द उच्चारले नव्हते. ते बोलावे लागू नयेत म्हणून काय नाही केलं त्यांनी? बोर्ड लावला, वकील लावला, मारुतीला साक्षीला धरलं. आणि एका पिंजाऱ्यानं ते भर कोर्टात बोलून टाकले.

बाहेर सटवाजी शाल घेऊन तयारच होता. सोबत मोबाईलवाली चार पोरंही होती. "सत्याचा विजय झाला," असं म्हणत त्यानं शाल उघडली.

जिलानी मागे सरला. "सटवाजी, मी तुमाला मत देलं न्हाई. पुढच्या बारीलाबी देनार न्हाई."

"मंग आमच्या बाजूनं कामून बोललास?"

"तुमच्या बाजूनं कुठं बोललो?"

हे गणित सटवाजीच्या डोक्यात काही केल्या बसेना. त्यानं शाल पुन्हा घडीवर घडी घालून पिशवीत ठेवली. लग्नसराई जवळ आली होती, वाया जाणार नव्हती.

शेषेराव जीपपाशी उभे होते. चेहरा काळाठिक्कर. जिलानी समोर आला तसे म्हणाले, "आपला म्हनून नेलतं तुला आत."

"आपलाच हाव, दादा. म्हनून तर 'आम्ही हरलो' म्हनलो. परका असतो तर 'हे हरले' म्हनलो असतो."

शेषेराव स्टेअरिंगवर बसले, शेजारचं दार आतून ओढून लावून घेतलं आणि जीप चालू केली. जिलानी एसटी स्टँडच्या रस्त्याकडे वळला. दोन पिढ्यांचं काही संपलं, असं त्याला वाटत होतं.

"थांबा जरा," मागच्या सीटवरून आवाज आला. इतका वेळ जीपमध्ये धुरपताबाई आहेत हे शेषेराव विसरूनच गेले होते. "मशीनवर नाव कोनाचं होतं?"

शेषेराव आरशात बघत राहिले.

"माझंच होतं ना? मंग हरले ती मी हाय. तुमाला कशाचा एवढा राग येऊन राहिला?"

धुरपताबाईंनी डबा मांडीवरून खाली ठेवला आणि मागचं दार स्वतः उघडलं. "बसा, जिलानीभाऊ. उन्हाचं कुठं चालत जाता."

जिलानी मागे बसला. गाव आलं तसं धुरपताबाईंनी चौकात जीप थांबवायला लावली. उतरल्या, लुगडं झटकलं, डोक्यावरून पदर घेतला आणि सगळ्या गावाच्या देखत केवळाबाईच्या घराची वाट धरली. पारावर बसलेल्यांनी विचारलं, कुठं निघालात?

"सरपंचबाईला भेटून येते," त्या म्हणाल्या.

निकाल लागून सात महिने झाले होते. बोरसांगवीत तो त्या संध्याकाळी लागला.