कपाटापुरती भिंत

घर बघायला जायचं असलं की काकूंचं सकाळपासून कशात लक्ष नसायचं. अंघोळ लवकर, कपड्यांना दोनदा इस्त्री, आणि पर्समध्ये टेप आहे की नाही हे चारचारदा उघडून बघणं. टेप म्हणजे सुताराकडे असते तशी, पत्र्याची, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. हार्डवेअरच्या दुकानदाराशी घासाघीस करून ती त्यांनी स्वतः आणली होती. बाकीच्या बायका घर बघताना ओटा बघतात, नळ सोडून बघतात. काकू आधी भिंत मोजायच्या.

कारण कपाट. ते त्यांच्या आईचं होतं, लाकडी, दारावर उभा आरसा असलेलं. लग्नानंतर ते काकूंना मिळालं खरं, पण भाड्याच्या खोलीत पलंग, गॅस आणि दोन माणसं मावली की खोली संपायची. म्हणून कपाट वर्षानुवर्षं धाकट्या बहिणीकडे पडून होतं. बहीण फोनवर दर वेळी विचारायची, "ताई, कधी नेतेस गं? येता-जाता सगळे धडकतात त्याला." काकू म्हणायच्या, "घर झालं की नेते."

घर होणार नव्हतं. हे दोन माणसांना पक्कं ठाऊक होतं. एक काकूंचा नवरा आणि दुसरा चावीवाला.

चावीवाला म्हणजे घरांचा दलाल. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. बोलायला अतिशय गोड, आणि गोड बोलणाऱ्या दलालांबद्दल मला जे वाटतं ते छापता येणार नाही. धंद्यात त्याचा एक नियम होता. घर एकट्या गिऱ्हाइकाला दाखवायचं नाही. एकटं गिऱ्हाईक भिंतीला बोटं लावून नाक मुरडतं, भाव पाडतं, मेव्हण्याला विचारून सांगतो म्हणतं आणि मग उगवतच नाही. शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं केलं की तोच माणूस खिशात हात घालतो. आता दर वेळी दुसरं गिऱ्हाईक आणायचं कुठून? म्हणून चावीवाल्यानं एक पाळलं होतं.

ते म्हणजे काका. काकांनी सारा जन्म कापडाच्या मोठ्या दुकानात सुटाचं कापड विकलं. त्यामुळे कोट अंगावर बसायचा, मान ताठ राहायची, आणि खिशात दमडी नसताना महाग वस्तूकडे कंटाळल्यासारखं कसं बघायचं हे त्यांना गिऱ्हाइकांकडून शिकायला मिळालं होतं. निवृत्त झाल्यावर हातात आलेला फंड त्यांनी एका मित्राच्या धंद्यात घातला. धंदा, मित्र आणि फंड तिघेही एकदमच दिसेनासे झाले. काकूंना मात्र त्यांनी सांगितलं की पैसे बँकेत आहेत, मुदत संपली की घर घेऊ. काकू म्हणाल्या, मग बघायला तरी सुरुवात करू.

चावीवाल्यानं दाखवलेलं ते पहिलं घर निळ्या दाराचं होतं. काकूंनी पर्समधून टेप काढली, एक टोक काकांच्या हातात दिलं, आणि भिंत मोजून स्वतःशीच म्हणाल्या, "बसतंय." त्याच वेळी घर बघायला आलेला एक माणूस ते बघून असा हादरला की त्यानं उभ्या उभ्या टोकन देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी चावीवाल्यानं काकांना आपल्या दुकानात बोलावून चहा पाजला.

"काका, तुम्ही नुसतं कोट घालून येत जा. दर खेपेचं काय ते मी बघतो. पण खरं सांगू? हुकमाचं पान तुम्ही नाही, काकू आहेत. त्यांना काही बोलू नका. बोललात की ती टेप खोटी पडेल."

काकांनी चहा संपवला आणि मान डोलावली. नंतर दर वेळी घरी येऊन दोन दिवसांनी म्हणायचे, "अगं, ते घर गेलं. कुणीतरी जास्त दिले." काकू स्वतःच समजूत घालायच्या, "जाऊ दे, तिथे ऊन कुठे येत होतं." काकांना लाज वाटायची. वाटायची म्हणजे चावीवाल्याकडून पाकीट हातात पडेपर्यंत वाटायची. शिवाय हेही खरं की दुकानात जन्मभर दुसऱ्यांपुढे कापडाचं ठाण उलगडल्यावर आता कुणीतरी त्यांच्यापुढे घर उलगडून दाखवत होतं, आणि ते त्यांना फार आवडायला लागलं होतं.

तळमजल्याचं घर निघालं तेव्हा बहिणीचा फोन येऊन गेला होता. तिच्या घरी रंगकाम काढलं होतं. "ताई, आता नाही नेलंस तर भंगारवाल्याला देते. नंतर मला बोलायचं नाही."

रस्त्यात काकू म्हणाल्या, "अहो, हे घर जाऊ द्यायचं नाही. दर वेळी तुम्ही विचार करत बसता आणि लोक घेऊन जातात. आज मी बोलणार."

"बघू या," काका म्हणाले, आणि कोटाची बटणं लावायला लागले.

घर एका शिवणवाल्या बाईंचं होतं. एकट्याच राहायच्या, आता मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, भोवती कापडाच्या चिंध्या, बांधून ठेवलेली खोकी. आतली खोली रिकामी होती. खिडकीतून तिरकं ऊन आत आलं होतं आणि समोरची भिंत कोरी होती, खिळा नाही, बटण नाही, काही नाही. काकूंनी टेप काढली. काका टोक धरून गुडघ्यांवर बसले. काकूंनी आकडा वाचला, परत वाचला, आणि भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग खिडकीजवळ जाऊन मागे वळून बघितलं. आरशात ऊन येईल की नाही हे त्या बघत होत्या.

तेवढ्यात चाव्या वाजल्या. चावीवाला खऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन आला. नवरा-बायको, दोघंही कोवळी, बायको पोटुशी, दिवस भरत आलेले. नवरा दारातूनच हरखला होता. बायको आत येऊन त्याच भिंतीपाशी उभी राहिली.

"इथे पाळणा," ती नवऱ्याला म्हणाली.

चावीवाल्यानं काकूंकडे मोठ्या प्रेमानं बघितलं. "यांनाही फार पसंत आहे हं हे घर. मोजमापसुद्धा झालंय." मग तो नवऱ्याला आणि काकांना घेऊन मागचं अंगण दाखवायला गेला. बायका बायकांचं बोलतील, असं म्हणाला. त्याचा हिशेब इतकी वर्षं कधी चुकला नव्हता. काकू फक्त टेप लावतील आणि बाकीचं त्या मुलीच्या पोटातली धाकधूक करील, एवढंच त्यानं धरलं होतं. काकूंना खरंच घर हवं असेल तर त्या काय करतील, हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता. काकांच्याही नाही, आणि त्यांनी तर त्या बाईबरोबर संसार केला होता.

काकूंनी जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला, नाकाशी नेला आणि आवाज खाली आणला.

"पोरी, एक सांगू? कुणाला बोलू नकोस. या भिंतीत ओल आहे."

"पण कोरडी दिसते."

"आता दिसते. पावसात बघ. इथे आधी राहायचे त्यांचं बाळ सारखं आजारी असायचं. छाती भरायची त्याची." काकू थोडं थांबल्या. मुलीचा हात पोटावर गेलेला त्यांनी बघितला, आणि मगच पुढे म्हणाल्या, "वर्षाचंही झालं नाही ते."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आम्हा म्हाताऱ्यांचं काय, आम्ही काढू दिवस. तुझं पहिलंच आहे ना?"

एवढं पुरे झालं. मुलीनं अंगणात जाऊन नवऱ्याचा दंड धरला, दोघं कोपऱ्यात काहीतरी कुजबुजली, आणि नवरा चावीवाल्याला "कळवतो" म्हणाला. चावीवाला त्यांच्यामागे पार रस्त्यापर्यंत गेला.

काकू बाहेरच्या खोलीत शिवणवाल्या बाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. गालांवर रंग चढला होता, एकदम तरुण दिसत होत्या.

"ते नाही घेत. आम्ही घेतो. तुमचा सांगाल तो भाव."

बाईंनी मशीनवरचा हात काढला. "खरंच घ्या हो तुम्ही. तुम्ही भिंत मोजताना मी बघत होते. म्हटलं, ही बाई घर नीट ठेवील."

काकूंनी हातातल्या दोन बांगड्या काढल्या. निघत नव्हत्या, जोर लावून काढल्या, आणि मशीनच्या पाटावर ठेवल्या. "हे टोकन समजा. बाकीचं यांच्या फंडातून उद्याच होईल. हो ना हो?"

काका दारात उभे होते. सुटाचं कापड विकताना गिऱ्हाईक फसलं की ते म्हणायचे, साहेब, धुतल्यावर बसेल. ते वाक्य इथे कामाचं नव्हतं.

चावीवाला परत आला तो घामाघूम होऊन. बांगड्या बघितल्या आणि त्याला हसू फुटलं.

"काकू, घाला त्या हातात. नाटक संपलं आजचं."

"कसलं नाटक?"

"काकांना विचारा ना. की मीच सांगू?" काका कोटाचं बटण चाचपत राहिले, म्हणून त्यानंच सांगितलं. चिडून नाही, लहान मुलाला गणित समजावतात तसं. काकांचा फंड कधीच बुडालाय. काका माझ्याकडे कामाला आहेत. खऱ्या गिऱ्हाइकाला घाई व्हावी म्हणून दुसरं गिऱ्हाईक दाखवावं लागतं, ते तुम्ही दोघं. "तुमची टेप तर माझं सोनं होतं, काकू. आणि आज तुम्ही माझंच गिऱ्हाईक पिटाळलंत. त्या पोरीला म्हणे इथे बाळ मेलं म्हणून सांगितलंत. रडत गेली ती."

शिवणवाल्या बाईंनी काकूंकडे बघितलं. मघाशी जे कौतुक होतं त्याचा आता मागमूस नव्हता.

"या घरात माझी मुलगी वाढली," त्या म्हणाल्या. बांगड्या त्यांनी दोन बोटांनी उचलल्या आणि काकूंच्या पर्समध्ये टाकल्या. "जाताना दार ओढून घ्या."

परतीच्या रस्त्यावर काकू पुढे आणि काका मागे असे चालले. चौकात सिग्नलपाशी थांबावं लागलं तेव्हा काकूंनी पुढे बघतच विचारलं, "ते गच्चीचं घर?"

"तेही," काका म्हणाले.

"जिथे मी ओट्याची उंची वाढवायची म्हटलं होतं?"

"तेही."

"निळ्या दाराचं?"

"ते नाही. ते खरंच बघायला गेलो होतो." काकांना वाटलं, एवढं तरी खरं निघालं म्हणून तिला बरं वाटेल. असल्या माणसाला असंच वाटतं.

"पैसे होते तेव्हा?"

सिग्नल सुटला आणि काकू चालायला लागल्या.

घरी येऊन त्यांनी कुकर लावला, जेवण वाढलं, भांडी घासली. मग बहिणीला फोन केला. "कपाट देऊन टाक भंगारवाल्याला. हो, आरशासकट. नाही, रडत नाहीये, सर्दी झालीये." काकांनी हे पलंगावर बसून ऐकलं. खोली एवढीशी, न ऐकायला जागाच नव्हती. त्यांना वाटलं होतं की काकू आता ओरडतील, बहिणीकडे निघून जातील, निदान बोलणं टाकतील. काकूंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी काकांचा कोट ब्रश मारून खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच चावीवाल्याच्या दुकानात गेल्या. काय बोलणं झालं ते थोडक्यात सांगता येईल. पाकीट यापुढे काकूंच्या हातात पडेल आणि थोडं जाड असेल. चावीवाला आनंदानं कबूल झाला. आता कळूनसवरून करणारी बाई मिळाली, याहून त्याला काय हवं होतं.

रविवारी तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं. खरं गिऱ्हाईक म्हणजे एक तोऱ्यातला बँकवाला आणि त्याची आई. दोघं भिंतीला बोटं लावून नाकं मुरडत होती. काकूंनी टेप काढली आणि टोक काकांच्या हातात दिलं. काका गुडघ्यांवर बसले, त्यांचे गुडघे वाजले. बँकवाल्याची आई बोलता बोलता थांबली आणि बघायला लागली.

"अहो," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आपलं कपाट बसेल ना इथे?"

काकांनी खालून वर बघितलं. काकूंचं लक्ष टेपच्या आकड्यावर होतं.

"बसेल," ते म्हणाले.

"नीट बघून सांगा. आईचं आहे माझ्या. आरसा कुठल्या बाजूला येईल?"

"खिडकीकडे."

"ऊन पडेल ना त्यावर?"

चावीवाला दारात उभा राहून खूश झाला होता. बँकवाल्यानं आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला. काम झालं होतं, काकूंनी आता बटण दाबून टेप आत घेतली तरी चाललं असतं. त्यांनी दाबलं नाही.

"अहो, विचारतेय मी. ऊन पडेल का?"

"पडेल," काका म्हणाले.

"मोठ्यानं सांगा. यांनाही ऐकू दे."