दोनशे त्र्याहत्तर

"पण गुरुजी, हे दोनशे त्र्याहत्तर काऊन मिळवाचे? पिपातली हवा तर सत्तावीसच डिग्री हाय ना?"

"अरे मुखरू, सत्तावीस म्हणजे शून्याच्या वर सत्तावीस. शून्याच्या खालीबी ऊब असते बाबा, बर्फातबी असते. तीबी मोजाव लागते. झाले तीनशे. आता पीप तापवून तीनशे सत्तावीस डिग्री केलं, तर?"

"सहाशे!" मुखरूने पाटीवर लिहिलं. "म्हणजे दुप्पट. दाबबी दुप्पट!"

देवाजी गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. शाळेच्या ओट्यावर पाटी घेऊन बसलेला हा पंचेचाळीस वर्षांचा बाप्या पाहून गावाला हसू फुटायचं. मुखरूला मात्र हसण्याची सोय नव्हती. जंगलातल्या आरागिरणीचा बॉयलर तो बावीस वर्षं सांभाळत होता, आणि चौपन्न साली मालकाने स्वच्छ सांगून टाकलं होतं, की बिनासर्टिफिकेटचा माणूस आता बॉयलरला हात लावणार नाही. नागपूरला जाऊन परीक्षा दे, नाही तर यार्डात ओंडके ओढ.

आणि खरं सांगायचं तर ह्या माणसाला बॉयलरखेरीज दुसरं काही येतही नव्हतं आणि आवडतही नव्हतं. भट्टीत लाकूड ओलं पडलं की कोरडं, हे तो पाठमोरा बसून आवाजावरून ओळखायचा. बायको मनकर्णा चिडायची, "माह्यासंग दोन शब्द नाई बोलत तुमी, अन् त्या बायलरासंग दिवसभर गोष्टी!"

सहा महिने रोज शाळा सुटली की गुरुजी शिकवत आणि मुखरू शिके. मग तो नागपूरला गेला.

परीक्षा घेणारे साहेब भले माणूस होते. मराठीतच बोलले. "बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी दिसेनासं झालं, तर काय कराल?"

"आग ओढून काढतो, साहेब. गार पाणी सोडत नाई, काई झालं तरी."

"शाबास. आता एक गणित. बंद पिपात हवा आहे, एकशेचाळीस डिग्री फॅरनहाइट. दाब पन्नास पौंड. ती सातशेचाळीस केली, तर दाब किती?"

मुखरूला आनंदाने भरून आलं. हे तर आपलंच गणित! त्याने दोन्हीकडे दोनशे त्र्याहत्तर मिळवले, घाम पुसत पुसत भागाकार केला आणि छाती काढून म्हणाला, "एकशे बावीस, साहेब. वर थोडा."

साहेबांनी कागद ओढून घेतला. "दोनशे त्र्याहत्तर कशाचे?"

"शून्याखालची ऊब, साहेब."

"ते सेंटिग्रेडला. फॅरनहाइटला चारशे साठ मिळवायचे. उत्तर शंभर." साहेबांनी कागद परत सरकवला. "पुढल्या वर्षी या."

आता बोला! गिरणीतला थर्मामीटर फॅरनहाइटचा आणि गुरुजींचं पुस्तक सेंटिग्रेडचं. बावीस वर्षं त्या थर्मामीटरकडे पाहूनही डिग्री दोन जातींची असते हे मुखरूच्या ध्यानीमनी नव्हतं. डिग्री म्हणजे डिग्री. आमच्या गावात कोणीही तेच धरून चाललं असतं. आणि मालक काही वर्षभर थांबणार नव्हता. बाहेर पायरीवर बसून मुखरू रडला.

गावात मोटारीतून उतरला तर समोर गुरुजी. सकाळपासून ताटकळत होते बिचारे.

"आला का रे आपला सवाल?"

मुखरूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"नाई जी, गुरुजी. दुसराच आला. तुमचा आला असता तर पास झालो असतो."

"नशीब!" गुरुजी हळहळले. पण त्यांच्या मनाला लागलं नाही, एवढं तरी साधलं.

घरी मनकर्णाने विचारलं, "आता?"

"आता ओंडके," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी बल्लारपूरहून इसरू नावाचा सर्टिफिकेटवाला आला. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने यार्डातून मुखरूला हाक मारून बोलावलं. त्याच्या हातात काचेच्या चौकटीतलं सर्टिफिकेट होतं.

"मुखरूभाऊ, हे बायलरजवळ टांगाव लागते म्हणते. इथी ठोकू का खिळा?"

"इथी नाई. इथी वाफ लागते, कागद सडून जाईन."

मुखरूने त्याच्या हातून हातोडा घेतला. भिंतीवरून हात फिरवत कोरडी जागा शोधली, खिळा ठोकला आणि चौकट अडकवली. दोन पावलं मागे सरून पाहिलं, तर ती डावीकडे कलली होती. पुढे होऊन त्याने ती सरळ केली आणि काचेवर उमटलेली बोटं धोतराच्या सोग्याने पुसून काढली. मग तो ओंडके ओढायला गेला.